जुन्या शिवणीची भोकं

भोकं इतकी बारीक होती, की कापड खिडकीशी धरल्याशिवाय दिसलीच नसती. ती कामाला होती त्या शिंप्याच्या दुकानाच्या मागच्या पडद्याआड, अंगात नुसता परकर आणि वरून शाल, अशी उभी राहून ती आपल्याच ड्रेसची बाजू निरखत होती. सुईच्या भोकांची एक ओळ, तिच्यापलीकडे दुसरी, मग तिसरी, आणि मग आत्ताची शिवण. पहिल्या ओळीपर्यंतचा रंग धुऊन धुऊन विटलेला. पुढचा पट्टा मात्र नवा, जणू आजच ठाणातून कापलेला.

सकाळपासून ड्रेस कुशीत काचत होता. नेहमीसारखी अर्धं बोट शिवण सोडावी म्हणून ती आत आली होती. पण माया — शिवणीत दडवून ठेवलेलं जास्तीचं कापड — संपली होती.

आणि तेव्हाच तिला कालचं आठवलं.

"कपडे कधीपासून घट्ट व्हायला लागले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

"नाही हो. सगळे होतात मला."

"अगदी जुनेसुद्धा?"

"दहा वर्षांपूर्वीचेसुद्धा."

ती खोटं बोलली नव्हती... म्हणजे, बोलताना तरी नव्हती. दर वर्षी थोडं उसवायचं, थोडं सोडायचं, हे हातांनी केलं होतं. हातांनी डोक्याला विचारलंच नव्हतं. बाईंनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणजे वजन बरीच वर्षं स्थिर दिसतंय म्हणाल्या, मग रक्ताच्या तपासण्यांची घाई नको, सहा महिन्यांनी बघू. सहा महिने! केवढा आनंद झाला होता तिला. वाटेत तिने फुलंसुद्धा घेतली.

त्याआधी बाईंनी समजावून सांगितलं होतं, ते ती हसत हसत ऐकत होती. चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं पोतं नव्हे. तिच्यातूनही हार्मोन सुटतात. एक डोक्याला सांगतो, खाणं पुरे आता. चरबी वाढते तसा तो जास्तच ओरडतो, पण रोजच्या ओरड्याने डोकं बहिरं होतं. दुसरा रक्तातली साखर ताळ्यावर ठेवायला मदत करतो, आणि पोटाचा घेर वाढला की नेमका तोच आटत जातो. दुखत नाही, खुपत नाही.

ताईलाही काही दुखत नव्हतं. हिला सुई धरायला शिकवली ती ताईने. साखरेने ताईची नजर गेली, आता ती हिच्या हातची शिवण बोटांनी चाचपते आणि म्हणते, "छान सरळ आलीय गं..." साखर कळली तेव्हा उशीर झाला होता. सहा महिने, की वर्ष — कितीचा उशीर?

"अहो बाई, आत झोपलात की काय?" बाहेरून कापणी करणारे मास्तर ओरडले. "बटणं कोण लावणार, माझी सासू?"

"आले, मास्तर."

"काय चाललंय काय एवढं?"

"माया बघतेय."

"नसेल तर कळी घाला बगलेत! त्यात काय? आपल्या हातचं काम, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही."

पत्ता लागत नाही... हेच तर. कळी, म्हणजे बगलेखाली जोडायचा तिकोनी तुकडा, घालता आली असती. त्याच रंगाचा तुकडा डब्यात होता, वीस मिनिटांचं काम. तिने तो काढला, कडेला लावून पाहिला. जुळत होता. डॉक्टरीणबाईंचा फोन पाचपर्यंतच लागतो. भिंतीवर पावणेपाच झाले होते. काय सांगायचं? बाई, मी चुकीचं सांगितलं, माझे कपडे माझ्याबरोबर वाढले? हसतील. की हसणार नाहीत, गप्प होतील आणि उद्याच या म्हणतील... ते जास्त वाईट.

तुकडा तिने परत डब्यात टाकला. तिने ड्रेस तसाच डोक्यावरून घातला, चेन ओढली. अर्ध्यावर अडली. ओढली पुन्हा. शिवण दोन्ही कुशींत रुतली.

डॉक्टरीणबाईंचा नंबर लावून फोन कानाला धरला, तशी पोट आत ओढून उभी राहिली, टेप धरून कोणी समोर असल्यासारखी. पलीकडे घंटी वाजू लागली. उचलू नका, तिला वाटलं. उचला. तिसऱ्या घंटीला श्वास पुरेना. तिने पोट सोडून दिलं — बऱ्याच वर्षांनी, आपणहून — आणि कापड जिथे जिथे काचत होतं तिथे तिथे, एकेक जागा, नीट लक्ष देऊन ती ऐकत राहिली.