माशा शांत, तर गाडी पास

वडिलांच्या गॅरेजात काम करणारी ठिणगी गाडीखालून बाहेर आली आणि मामाचं तोंड बघून तिला हसूही आलं आणि रडूही. एक डोळा मिटलेला, ओठ सुजून टम्म. मामा मधमाशा पाळायचा. पंचवीस पेट्या पिकअपमध्ये घालून डोंगराकडच्या बागांत न्यायचा. वाटेतले दगड गाडीच्या पोटाला घासतात म्हणून भाचीने गाडी चार इंच उचलून, म्हणजे उंच करून दिली. तेव्हापासून साठच्या पुढे काटा गेला की मागून अशी थरथर सुटायची की माशा पिसाळून बाहेर!

"तीनदा दुरुस्त केलीस, तीनदा मी चावून घेतलं," मामा म्हणाला. "फुलं आठ दिवसांची असतात, बाई. उद्याही थरथरली तर गाडी होती तशी खाली कर."

ठिणगीचे वडील, अण्णा, हेच ऐकायला टपलेले. "नसते उद्योग! ही खाली आली की या गॅरेजात पुन्हा गाडी उचलायची नाही."

गॅरेजातलं बाकी सगळं काम अण्णांचं होतं. गाडी उचलणं एवढंच ठिणगीने स्वतः शिकून आणलेलं.

आणि चूक तरी कुठे होती? गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या शाफ्टला दोन टोकांना दोन जॉइंट. दोन्हींचे कोन सारखे, तर शाफ्ट गुमान फिरतो. गाडी उचलल्यावर कोन बिघडले, म्हणून तिने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी पाचर घालून ते जुळवले होते. कोन मोजायचं मीटर लावून! तिने स्वतः नव्वदने पळवून पाहिली, पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नसतं.

"मामा, तुझंच अंग थरथरत असेल," ती वैतागून म्हणाली.

"माझं? अगं, रिकामी तर माझ्याकडेही लोण्यासारखी पळते. पेट्या चढवल्या की भूत शिरतं तिच्यात!"

ठिणगीने कपाळावर हात मारला. "हात्तिच्या! अण्णा, आपण गाडी मोजली उपाशीपोटी!"

तिने वाळूची पोती आणून पेट्यांच्या वजनाइतकी मागे रचली. पाटे दबले, गाडीचं ढुंगण खाली बसलं. ती खाली सरपटली, मीटर लावलं. तीन अंशांचा फरक! रिकाम्या गाडीत जुळलेला कोन ओझ्याखाली बिघडत होता. दुपारपर्यंत तिने जुन्या पाचरी काढून भरल्या गाडीच्या मापाच्या बसवल्या.

"आता रिकामी थोडी थरथरेल," अण्णांनी खुसपट काढलंच.

"थरथरू दे. रिकामी गाडी कुणाला चावत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पुढे बसले, मागे पंचवीस पेट्या. साठ. सत्तर. ऐंशी! मामाने एका हाताने सुजलेला गाल धरून ठेवला होता, सवयीने. काही झालं नाही. बागेत पोचल्यावर अण्णा न सांगता मागे गेले आणि एका पेटीला कान लावून उभे राहिले. बराच वेळ. आतून नुसती मंद गुणगुण.

"झोपल्यात की गं," ते म्हणाले, आणि ठिणगीने आनंदाने अशी किंचाळी फोडली की मामा ओरडला, "ए, उठवशील!"

ते गॅरेजात परतले तर एक गवंडी पिकअप घेऊन उभा. "इथे गाडी उचलून मिळते का?"

ठिणगीने तोंड उघडण्याआधीच अण्णा पुढे झाले.

"मिळते की! आमची मुलगी करते. पण आधी सांगा, गाडीत भरता काय?"