भिंतीला घातलेला वारा

मी पंखा बोलतोय. टेबलावर ठेवायचा, लोखंडी पात्यांचा, हिरवा रंग उडालेला. बोलताना खडखडतो, तेवढं चालवून घ्या. गोड आवाज हवा असेल तर दुसरीकडे बघा.

शिक्षण म्हणाल तर कारखान्यातून निघाल्यावर दोन वर्षं एका शाळेच्या ऑफिसात होतो. हेडमास्तर डुलक्या काढायचे, कागद उडायचे आणि बोलणी मी खायचो. पुढे त्यांनी मला इस्पितळाला दान केलं. माणूस दान करतो तेव्हा त्याच्या घरी नवी वस्तू आलेली असते, हे माझ्याकडून लिहून घ्या.

इस्पितळात मी छातीच्या वॉर्डात लागलो. तिथं महिनाभरात माझी मान अडकली. आधी डावी-उजवीकडे फिरायची, आता जिकडे तोंड करून ठेवाल तिकडेच. दुरुस्तीला माणूस येतो म्हणाले. अजून येतोय.

त्या वॉर्डात एक सिस्टर होती. बाकीच्या सुया टोचायच्या, ही प्रश्न विचारायची. "दम किती लागतोय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे जीव चाललाय. आकडा सांगा." मग मला पेशंटच्या तोंडासमोर हातभर अंतरावर ठेवायची. पाच मिनिटं वारा, पुन्हा आकडा, मग वहीत नोंद. झाडलोट करणाऱ्या मावशी तिला आकडेवाली म्हणायच्या. अभ्यास चालला होता तिचा, औषधाच्या जोडीला तोंडावर वारा घेतला तर धाप कमी वाटते का, याचा. फुप्फुस त्यानं सुधारत नाही, हे ती पेशंटला आधीच सांगून टाकायची. पण नाकाला, गालांना वारा लागला की जिवाला हवा मिळाल्यासारखी वाटते. आता जिवाला वाटणं म्हणजे काही थोडीथोडकी गोष्ट नाही. मी कित्येक चेहरे माझ्यासमोर सैल होताना पाहिलेत.

मग खिडकीजवळच्या खाटेवर मास्तर आले. शिंपी. आयुष्य मशीनवर वाकून गेलेलं, आणि आता दोन शब्दांवर तिसरा शब्द निघत नव्हता. "घरी... जायचंय," एवढंच म्हणायचे. डॉक्टरांचं म्हणणं होतं की धाप उसळली की घरी आवरता आली पाहिजे, नाहीतर सोडणार नाही. सिस्टरनं मास्तरांच्या बायकोला, काकूंना, सगळं दाखवून दिलं. धाप लागली की आधी आकडा विचारायचा, पंखा लावायचा, पाच मिनिटांनी पुन्हा आकडा, आणि कागदावर लिहायचं. तिच्यासमोर मास्तर आठवरून सहावर आले. मास्तरांचे डोळे चमकले. मीही जरा जोरातच फिरलो.

पुढचे चार दिवस कागदावर आठ आणि आठ. नऊ आणि नऊ. सिस्टर रोज संध्याकाळी कागद न्यायची आणि कपाळाला आठ्या घालायची. या पेशंटला वाऱ्याचा उपयोग नाही, असं लिहायची पाळी आली. तसं लिहिलं की मास्तरांचं घरी जाणं राहिलं.

कसा होणार होता उपयोग? सिस्टरची पाठ वळली की काकू मास्तरांच्या कानाला मफलर गुंडाळायच्या आणि माझं तोंड भिंतीकडे करायच्या. चार दिवस मी भिंतीला वारा घातला. पोपडे उडाले. मागे मास्तरांची छाती भात्यासारखी वाजत होती, आणि माझी मान वळत नव्हती. तेव्हा जी तळमळ झाली ती नंतर कधीच गेली नाही. कागदावर काकू "पंखा चालू" असं लिहायच्या. खोटं तरी कुठं होतं? चालू होतोच की मी. बायकोशी वाद घालायला धडधाकट असताना मास्तरांचा दम पुरला नव्हता, आता कुठून पुरणार?

पाचव्या दिवशी सिस्टर दुपारीच आली. बघते तर भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतंय आणि मास्तर घामाघूम. तिनं आवाज न चढवता विचारलं, असं का केलंत.

काकू म्हणाल्या, "वारं बाधतं हो त्यांना. गेल्या साली खिडकी उघडी राहिली आणि तिथूनच हे दुखणं लागलं. मीच उघडी टाकली होती."

सिस्टर खाटेच्या कडेवर टेकली. हे दुखणं कित्येक वर्षं आत मुरत होतं, एका खिडकीनं येत नाही, असं तिनं त्यांना समजावलं. मग म्हणाली, "चूक माझी आहे, काकू. मी तुम्हाला पंखा दिला, कागद दिला. तुम्हाला काय वाटतं, ते विचारलंच नाही." आणि वहीत तिनं एक नवा रकाना आखला, घरच्यांना काय वाटतं याचा.

मग तिनं मला हात लावला नाही. काकूंकडे बघत राहिली. काकूंनीच मफलर सोडला, काकूंनीच मला वळवलं. मास्तरांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पाच." आणि मग एका दमात, "खिडकी उघडी ठेव असं मीच म्हणालो होतो तुला, विसरलीस होय गं?"

खरं होतं की नाही, मला ठाऊक नाही. काकू मात्र तोंड फिरवून रडल्या.

आठवड्यानं मास्तर घरी गेले. बरोबर औषधं आणि जावयानं आणलेला तळहाताएवढा, सेलवरचा पंखा. मी राहिलो. इस्पितळाचा ना मी, माझ्या बुडावर नंबर आहे. त्या खाटेवर पुढे कितीजण आले, मी सगळ्यांना वारा घातला, पण कान मास्तरांच्या आवाजाकडेच.

दोन-तीन महिन्यांनी काकू एकट्याच आल्या. तो छोटा पंखा सिस्टरच्या हातात दिला, दुसऱ्या कुणाला द्या म्हणाल्या. मास्तर घरी, स्वतःच्या अंथरुणावर वारले, हातात पंखा त्यांनीच धरला होता, असं सांगितलं. सिस्टर चहा सांगायला गेली. तेवढ्यात काकूंनी मला आपल्याकडे वळवलं, बटण दाबलं आणि तोंड पुढे करून डोळे मिटून बसल्या. मी माझ्या परीनं हळू फिरलो.

आता मी सामानाच्या खोलीत आहे, मोडक्या सलाइनच्या दांड्यांशेजारी. वायर उंदरांनी खाल्लीय. ती जोडता येईल. पात्यांवरची धूळ पुसली की जाते. मान अडकलेली आहे, ती तशीच राहू द्या. फक्त उचलाल तेव्हा, बाबांनो, भिंतीकडे तोंड करून ठेवू नका.