मशीन म्हणालं, पोरगा ठीक आहे

सोमवारी सकाळी डॅरिल ट्रँटरने स्वयंपाकघराचा पडदा बाजूला ओढला आणि टेबलाशी बसलेल्या फर्गसने पटकन डोळ्यांवर हात घेतला.

"काय रे, उन्हाचं वावडं झालं का तुला?"

"काही नाही बाबा. झोप झाली नाही."

"बरा आहेस ना?"

"बरा आहे."

झालं. बोलणं संपलं. बाप चहाचा मग उचलून शेडकडे गेला आणि मुलगा समोरच्या टोस्टकडे बघत बसला. हे 'बरा आहे' आपण सगळेच दिवसातून दहादा म्हणतो, आणि ऐकणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं, म्हणजे तो सुटला. ट्रँटरांच्या घरात तर सहा वर्षं याच दोन शब्दांवर संसार चालला होता. फर्गसची आई घर सोडून बेंडिगो शहरात निघून गेली तेव्हाही दोघांनी एकमेकांना हेच सांगितलं होतं.

आमच्या यालंबी गावात नवीन माणसाला नाव विचारत नाहीत, तू कोणाचा, एवढंच विचारतात. फर्गसला तेही कुणी विचारत नसे. अठरा वर्षांचा, बापासारखाच उंच, बापासारखाच खांदे किंचित पुढे टाकून चालणारा. डॅरिलने तरुणपणी मेलबर्नच्या हॉब्सन क्लबसाठी शंभरावर सामने खेळले होते. आमच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे ज्यात चेंडू हातानेही पकडतात त्यात, नियम असा आहे की बापाने एखाद्या क्लबासाठी शंभर सामने खेळलेले असले, की त्याच्या मुलाला घ्यायचा पहिला हक्क त्या क्लबाचा. त्यामुळे फर्गस पाळण्यात होता तेव्हाच गावाने त्याला हॉब्सनची, बापाचीच बावीस नंबरची जर्सी चढवून टाकली होती. दुकानात पाव घ्यायला गेला तरी लोक म्हणत, "काय बावीस नंबर!" पोराला काय हवं, हे कुणी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, त्यालाही तेच हवं होतं. खेळ त्याच्या अंगात होता. दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून तो वर झेपावला आणि लंबगोल चेंडू दोन हातांत पकडला, की म्हातारे गाडीतून खाली उतरून बघत.

तशाच एका झेपेत, परवाच्या शनिवारी, सेमीफायनलमध्ये, तो खाली आला तो डोक्यावर. उठायला जरा वेळ लागला. मग उठला, धावला, म्हणे एक गोलही मारला. म्हणे, कारण फर्गसला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. त्याची आठवण सुरू होत होती ती थेट आंघोळीच्या पाण्याखाली. तेव्हा कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणत होतं, "शनिवारी फायनल, लेका!"

तेव्हापासून उजेड डोळ्यांत खुपत होता. एकच ओळ तीनदा वाचावी लागत होती. रविवारी तर ज्या रस्त्याने जन्मभर घरी आला, त्या रस्त्यावर गव्हाच्या कोठारांपाशी गाडी थांबवून तो आठवत बसला की आता डावीकडे की उजवीकडे. मग खाली उतरून उलटी केली, तोंड पुसलं आणि घरी आला.

सोमवारी संध्याकाळी सरावाच्या आधी क्लबातल्या प्रथमोपचारवाल्या बाईंनी त्याला लॅपटॉपसमोर बसवलं. कुणी डोक्यावर पडला की ही चाचणी करावीच लागते. चित्रं लक्षात ठेवायची, रंग बदलला की बटण दाबायचं, शब्द आठवून सांगायचे. मार्चमध्ये मोसम सुरू होताना प्रत्येकाची हीच चाचणी घेतात आणि नंतरच्या निकालाची तिच्याशी तुलना करतात. फर्गसने जमेल तशी बटणं दाबली. मशीनने जरा विचार केला आणि सांगितलं, पोरगा मार्चमध्ये होता तसाच आहे.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "खेळायला मोकळा."

आता यातली मेख सांगतो. मार्चमध्ये त्या चाचणीला जाताना डॅरिल गाडीत म्हणाला होता, "हे बघ, मुद्दाम हळू दाब. दोन-चार शब्द विसर. पुढं कधी डोक्याला लागलं तर मशीन म्हणेल, हा मुळातच असा मंद आहे." दोघं हसले होते. आमच्याकडचे बाप पोरांना ट्रॅक्टर चालवायला शिकवतात ना, तितक्याच सहज ही युक्ती शिकवतात. अख्खा संघ मार्चमध्ये ठोंब्यासारखा बसून चुकीची बटणं दाबतो आणि बाहेर येऊन एकमेकांना टाळ्या देतो. फसवायचं कुणाला, तर स्वतःच्याच डोक्याला! इतका शहाणपणा दुसरीकडे कुठे बघायला मिळायचा नाही.

त्या संध्याकाळी मात्र फर्गसला हसू आलं नाही. सगळ्या जगात आपण ठीक नाही हे फक्त आपल्यालाच माहीत आहे, आणि ते कुणी विचारणार नाही याची व्यवस्था आपणच करून ठेवली आहे, हे त्याला कळलं. पोरं मैदानावर आरडाओरडा करत होती. तो त्यांच्यातच धावत होता आणि इतका एकटा तो कधीच नव्हता. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा नव्हता.

बुधवारी दुपारी तो पावांचे ट्रे घेऊन क्लबच्या स्वयंपाकघरात गेला. तिथे राज्य जनेल आत्याचं. डॅरिलची ही थोरली बहीण. वीस वर्षं मुलींना नेटबॉल शिकवत आलेली, आणि गुरुवारी सराव झाला की सगळ्या संघांना जेवू घालणारी. ती गुरुवारसाठी बटाटे सोलत होती.

"ट्रे कुठे ठेवू आत्या?"

"नेहमीच्या जागी."

त्याने ठेवले, भिंतीपाशी जाऊन वरचे दिवे बंद केले, आणि परत येऊन विचारलं, "ट्रे कुठे ठेवू?"

जनेलने सुरी खाली ठेवली.

"बस इथे."

"मला सरावाला—"

"सराव उद्या आहे, बाळा. आज बुधवार. बस."

तो बसला. तिने खिडकीचा पडदा लावून घेतला आणि समोरच्या खुर्चीवर बसली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्याशी ट्रँटरगिरी करू नकोस. तुझ्या बापाची मी बहीण आहे. कधीपासून उजेड सोसत नाही?"

फर्गसने बराच वेळ टेबलाच्या कडेला नख घासलं. मग म्हणाला, "शनिवारपासून." आणि एकदा तोंड उघडलं तसं सगळंच बाहेर आलं; रस्ता, उलटी, चुकीची बटणं. सांगताना त्याला रडू फुटलं आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटली.

"आत्या, कुणाला सांगू नकोस. शनिवारी हॉब्सनची माणसं बघायला येणार आहेत. बाबा किती वर्षं या दिवसाची वाट बघतायत. आता सांगितलं तर तीन आठवडे खेळू देत नाहीत. संपलंच मग."

"पाय मोडला असता तर खेळला असतास?"

"पायाची गोष्ट वेगळी."

"का वेगळी? पाय मोडला की प्लॅस्टर दिसतं, लोक खुर्ची देतात, त्यावर सही करतात. डोक्याचं दिसत नाही, म्हणून ते दुखणंच नाही? पायाने माणूस चालतो रे. डोक्याने माणूस माणूस असतो."

"सगळे असंच खेळतात."

"सगळे." जनेलने मान हलवली. "तुझा बाप मेलबर्नहून सुट्टीला यायचा, तेव्हा खोलीचे पडदे ओढून दिवसभर पडून राहायचा. आम्ही म्हणायचो, दमलाय बिचारा. पुढं चिडायला लागला. आम्ही म्हणालो, स्वभाव. तुझी आई गेली, तेव्हा म्हणालो, तिलाच पटलं नाही. प्रत्येक वेळी आम्ही काहीतरी नाव देऊन मोकळे झालो. खरं नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही." तिने अर्धा सोललेला बटाटा बाजूला सरकवला. "तू कुणासाठी खेळतोयस?"

"बाबांसाठी."

"मग त्याला एकदा विचार की, त्याला जर्सी पाहिजे का पोरगा."

फर्गसने बाहीने डोळे पुसले.

"उद्या जेवणाच्या वेळी तू सांग," जनेल म्हणाली. "नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि तू माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल. पण तू सांगितलंस तर बरं."

गुरुवारी संध्याकाळी क्लबचा हॉल माणसांनी भरून गेला. भाजलेलं मटण, बटाटे, बिअरचे जग. जेवणं होत आली तशी कोचने फायनलचा संघ वाचायला घेतला. पण फर्गसच्या नावाला थांबला आणि हसून म्हणाला, "याची जर्सी याचा बापच देईल."

टाळ्या पडल्या. डॅरिल माइकपाशी आला आणि लोकांच्या आग्रहावरून त्याने त्याची प्रसिद्ध गोष्ट सांगितली. हॉब्सनच्या फायनलची शेवटची मिनिटं, उलटा वारा, कोपऱ्यातून मारलेला गोल. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, गावाला तोंडपाठ होतं. मग त्याने यालंबीची बावीस नंबरची जर्सी पुढे धरली.

फर्गस उठला. जर्सी मात्र घेतली नाही.

"मी शनिवारी खेळणार नाही," तो म्हणाला. माइक लांब होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या डोक्याला लागलंय. सेमीफायनलपासून."

"अरे, चाचणी पास झालास ना तू?" कोच म्हणाला.

"मार्चमध्ये मी मुद्दाम चुकीची उत्तरं दिली होती. म्हणून पास झालो."

सगळी पोरं आपापल्या ताटात बघू लागली, आणि त्यांचे बापही.

डॅरिलचा हात जर्सीसकट तसाच पुढे होता. "दोन दिवस," तो हळू म्हणाला. "दोन दिवस थांबून सांगता आलं नसतं तुला?"

जर्सी खुर्चीवर ठेवून तो बाहेर चालता झाला. फर्गसला वाटलं, आता उरलं कोण. त्याने आत्याकडे पाहिलं. तिने नुसतं दाराकडे बोट केलं.

बाहेर डॅरिल पिकअपच्या दाराशी उभा राहून खिसे चाचपत होता. कोटाचे, पँटचे, पुन्हा कोटाचे.

"किल्ली तुमच्या हातातच आहे बाबा."

डॅरिलने हाताकडे पाहिलं. मग तो गाडीच्या पायरीवर बसला.

"तो गोल मला आठवत नाही," तो म्हणाला.

"कुठला?"

"तोच. आता सांगितला तो. त्या दिवशी दुसऱ्या सत्रात मला डोक्याला लागलं होतं. पुढचं सगळं कोरं आहे. मी टेपवर बघून पाठ केलाय, तुम्ही सगळ्यांनी केलाय तसाच." त्याने तोंडावरून हात फिरवला. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि मी तिथे नव्हतो, फर्गस. तुझी आई म्हणायची मी ओरडतो, वस्तू फेकतो. मला त्यातलंही निम्मं आठवायचं नाही. वाटायचं, खोटं बोलते."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? सगळे विचारायचे, बरा आहेस ना. मी म्हणायचो, बरा आहे." मग तो म्हणाला, "आणि ती युक्ती मी तुला शिकवली. माझ्या हाताने. मला जर्सी नको रे. मला वाटलं होतं, तू खेळलास की माझं गेलेलं परत येईल. असं कुठं येतं?"

बापाने पोराच्या मानेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा दोघंही बरे नव्हते, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

शुक्रवारी डॉक्टरांनी फर्गसला तपासून सक्त विश्रांती सांगितली, घरातच राहायला बजावलं, डॅरिलचंही सगळं ऐकून घेतलं, आणि सोमवारी बापलेकांना दोघांनाही शहरातल्या मोठ्या इस्पितळात बोलावलं. तरी फर्गस थोड्या वेळापुरता शनिवारी मैदानावर गेलाच. आमच्याकडे मैदानाभोवती गाड्या लावून सामना बघतात आणि गोल झाला की सगळे मिळून हॉर्न वाजवतात. तो आवाज सोसवेना म्हणून दोघं मागे टेनिसच्या शेडमध्ये बाकावर बसले. हॉब्सनचा माणूस येऊन डॅरिलशी दोन मिनिटं बोलला. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाला, आणि त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. यालंबी एका गोलाने हरली. परतणारे लोक शेडसमोरून जाताना दुसरीकडे बघत होते. फर्गसला ते दिसत होतं आणि लागतही होतं. खरं बोलल्याबद्दल कुणी हार घालत नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत ते लपवतात.

बऱ्याच वेळाने जॅरड मोफॅट आला. यालंबीचा सगळ्यात आडदांड बचावपटू, पाठीवर बैल आपटला तरी न हलणारा. अंगावर अजून मैदानातली धूळ होती.

"जागा आहे का?"

फर्गस सरकला. जॅरड बसला, बुटांच्या नाड्या सोडल्या, परत बांधल्या.

"मला जूनपासून डाव्या कानात शिट्टी ऐकू येते," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गाडी चालवताना कधीकधी रस्ते दोन दिसतात."

"कुणाला सांगितलंस?"

"तुला. आत्ता." त्याने नाड्या पुन्हा सोडल्या. "मला वाटलं मी एकटाच आहे."

"मलाही तसंच वाटलं होतं," फर्गस म्हणाला.

पलीकडून डॅरिल म्हणाला, "सोमवारी आम्ही दोघं चाललोयच इस्पितळात. पिकअपमध्ये तीन माणसं बसतात, जॅरड."

मंडळी, त्या संघात बावीस पोरं होती. बावीस जण आठवड्यातून तीनदा एकत्र धावायचे, एकत्र जेवायचे, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी एकटा होता. दुखणं लपवणं म्हणजे शौर्य, हे आपणच त्यांना शिकवलं. फुटबॉल दूर राहू द्या, आपल्या घरातही कुणीतरी रोज 'बरा आहे' म्हणतंच. उद्या म्हणेल तेव्हा तेवढ्यावर सुटू नका. शेजारी बसा, आणि पुन्हा एकदा विचारा.