पाचवी कवळी

देवापुढे केलेल्या संकल्पाला दोन अंगे असतात. मी अमुक करीन, हे एक; आणि ते अमुक कोणासाठी करीन, हे दुसरे. वर्षे लोटतात तसे पहिले अंग सवयीच्या आधाराने उभे राहते, दुसरे मात्र कधी निसटून गेले हे ज्याचे त्यालाही उमगत नाही. नऊ वर्षे एकही शनिवार न चुकविणाऱ्या एका सज्जन कारागिराचे असेच झाले होते. त्याला दोष द्यावा असे त्यात काही नव्हते. आणि म्हणूनच ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

हा कारागीर कवळ्या बनवीत असे. डॉक्टरांनी घेतलेल्या हिरड्यांच्या ठशांवरून तो प्लास्टरचा जबडा ओती, गुलाबी मेणात एकेक दात बसवी, आणि सारे मनासारखे जुळले की मग पक्की कवळी घडवी. हात असा सुबक की त्याची कवळी घालून हसणाऱ्याचे हसू कोणालाही उसने वाटत नसे. पूर्वी एका दीर्घ आजारात त्याचे हेच हात लुळे पडले होते. बरे झाल्यावर चर्चमध्ये गुडघे टेकून त्याने शब्द दिला होता, "प्रभो, हात परत दिलेस. शनिवार तुझा." तेव्हापासून दर शनिवारी तो वृद्धाश्रमात जाई आणि तेथील बोळक्या तोंडांना विनामूल्य दात देई. प्रत्येक माणसामागे कामाच्या टेबलावरील भिंतीवर खडूची एक रेघ ओढी. अशा चौऱ्याण्णव रेघा झाल्या होत्या.

पंचाण्णवावी रेघ अडली ती एका वृद्धापाशी. वय चौऱ्याऐंशी, सारा आश्रम त्यांना बाबा म्हणे. एकामागून एक चार कवळ्या त्यांनी परत केल्या होत्या. कारण विचारले की एकच उत्तर, "नको. परत न्या."

"तुम्ही मला मागणी घातलीत तेव्हा माझ्या वडिलांनीसुद्धा एवढे आढेवेढे घेतले नव्हते," कारागिराची बायको चहा गाळता गाळता म्हणाली.

"त्यांनी एकदाच नाही म्हटलं होतं."

"आणि नंतर हो म्हणून पस्तावले. ते जाऊ द्या. डॉक्टरांना काय सांगणार आहात?"

डॉक्टरांनी त्याला शनिवारीही दवाखान्यात बोलाविले होते. हाताखाली दोन माणसे देऊ केली होती. "ज्याला दात नकोत त्याच्या तोंडात किती दिवस बोटं घालणार?" असे त्यांनी हसतच विचारले होते, आणि ते त्याच्या मनाला लागले होते. महिनाअखेर उत्तर द्यायचे होते.

"पाचवी घेऊन जातोय," तो बायकोला म्हणाला. "हीसुद्धा परत आली तर डॉक्टरांना हो म्हणतो. देवालाही कळेल की मी काही कमी केलं नाही."

"देवाला कळेल हो," ती म्हणाली. "तुम्हाला करमेल का, ते बघा."

त्या शनिवारी दुपारी तो बाबांच्या खोलीत गेला. लोखंडी खाट, खिडकीशी खुर्ची, उशाला जाड भिंगाचा चष्मा. त्याने पेटी उघडली आणि मेणात बसविलेले दात बाबांच्या हाती दिले. बाबांनी ते तोंडात घातले, ओठ मिटले, जीभ आतल्या आत दोनदा फिरविली आणि दात काढून तळहातावर ठेवले.

"नको. परत न्या."

कारागिराचा संयम सुटला. "बाबा, दात सारखे टेकतात का ते पाहायला चारी वेळा तुम्हाला निळा कागद चावायला दिला, एक डाग इकडचा तिकडे नाही. हिरडी कुठे लाल नाही. चौथीनं तर तुम्ही माझ्यासमोर पाव खाल्लात! मग तुम्हाला दात हवेत तरी कशाला?"

शब्द तोंडून गेले आणि तो स्वतःच थबकला. त्याच्या वहीत प्रत्येकाच्या हिरडीचा आकार होता, दातांची छटा होती, ओठांची ठेवण होती. दात कशाला हवेत, हे त्याने चौऱ्याण्णवांपैकी एकालाही विचारले नव्हते. आज विचारले, तेही रागाच्या भरात.

"खायला नकोत मला," बाबा अखेर म्हणाले. "पातळ जेवण चालतं. वाचायला हवेत."

मग एकेक शब्द बाहेर आला. एक्केचाळीस वर्षे ते चर्चमध्ये बायबलमधला शास्त्रपाठ वाचीत आले होते. पहिल्याच दिवशी देवाला म्हणाले होते, आवाज आहे तोवर वाचीन.

"तुमची पहिली कवळी घालून इथल्या प्रार्थनेला उभा राहिलो. प्रत्येक 'स'ला शीळ! पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, कुणीतरी किटली उतरवा हो. सगळे हसले. मीही हसलो. पण परत काही उभा राहिलो नाही. पुढच्या तिन्हींची शीळ खोलीतच ऐकली."

"मला का नाही सांगितलंत?"

"फुकट दात देणाऱ्या माणसाच्या दाताला नावं कशी ठेवायची? आणि तुम्ही पेटी उघडता, कागद चाववता, पेटी मिटता. मध्ये बोलायला जागा कुठे असते? रागावू नका."

"नाही रागावत," कारागीर खाली मान घालून म्हणाला. "माझं चुकलं, बाबा. वाचा तुम्ही. मी ऐकतो."

त्याने स्पिरिटचा दिवा पेटविला. बाबांनी चष्मा लावला, मेणातले दात तोंडात बसविले आणि मांडीवर शास्त्र उघडले. दुसऱ्याच वचनाला शीळ उठली. कारागिराने दात मागून घेतले, सुरीचे टोक तापविले, समोरचा एक दात केसभर सरकविला, मागचे मेण थोडे खरवडून जिभेला जागा दिली. पुन्हा वाचन. पुन्हा सुरी.

"आता 'स' आला, पण 'फ' कुठे गेला?" बाबांनी विचारले.

"ओठाखाली दडलाय. वरचे दोन दात लांब झाले. थांबा, काढतो त्याला बाहेर."

"हळू काढा. म्हातारा आहे तोही."

दोघेही हसले. एक अध्याय चार वेळा वाचून झाला तेव्हा खिडकीतले ऊन खाटेच्या पायथ्याशी पोचले होते.

पक्की कवळी पुढच्या शनिवारी बसली. रविवारी कारागीर पत्नीसह आश्रमाच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसला. बाबा काठी टेकीत पुढे आले, काठी मेजाला टेकवून ठेवली आणि वाचू लागले. तिसऱ्या वचनात एक बारीक शीळ वाजली. कोणीतरी खुदकन हसले. बाबा थांबले, तोच शब्द त्यांनी पुन्हा, सावकाश उच्चारला, आणि न अडखळता पुढे गेले. शीळ वाजली होती हे कारागिराला मात्र बायकोने कोपराने ढोसल्यावर कळले. तो पाठ ऐकत होता.

सोमवारी तो डॉक्टरांना म्हणाला, "शनिवारी जमणार नाही मला."

"का? त्या म्हाताऱ्यानं अजून घेतले नाहीत का दात?"

"घेतले की."

"मग आता तर मोकळे झालात!"

"कुठला मोकळा, डॉक्टर? त्या चौऱ्याण्णवांतले जे हयात आहेत, त्या सगळ्यांना एक गोष्ट विचारायची राहिली आहे."

वाचणाऱ्या त्या वृद्ध मुखाला प्रभू बळ देवो. ऐकू लागलेले ते कान तो उघडे ठेवो. आणि ज्यांच्या दारी हा कारागीर पुन्हा एकदा जाणार आहे, त्यांच्या मनातले बोलायला प्रभू त्यांना शब्द देवो.