कंसातली बाई

"खोकला छापायचा का आपण, एजे?" माझ्या खुर्चीमागे उभा राहून मेदेर म्हणाला. "कंसातलं सगळं उडवा. सोमवारी छपाईला जायचंय."

मेदेर आमचा संपादक, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, म्हणून मला एजे म्हणतो, ताई. मी जिपारा. बिश्केकच्या या कचेरीत सव्वीस वर्षं कानाला हेडफोन लावून जुन्या गायकांच्या फिती ऐकते आणि टाइप करते. एकट्या जुमाबाय नावाच्या गायकाच्या वीरगाथेनं माझी अडीच वर्षं खाल्ली. गाणं सरळ लिहायचं, बाकी ऐकू येईल ते कंसात: खोकला, चहा मागतो, कुमुश चूल फुंकते. कुमुश त्याची बायको. प्रत्येक फितीत त्याच्या शेजारी बसलेली.

कॉम्प्युटरला सांगितलं, उघडणारा कंस दिसला की पहिल्या बंद होणाऱ्या कंसापर्यंत पुसून टाक. अकराशे बेचाळीस जागा एका दमात साफ. आणि मी शहाणी, न बघताच फाइल सेव्ह करून मोकळी झाले. मूळ फिती तर तळघरात पाणी शिरलं तेव्हाच गेल्या होत्या.

मग चाळताना गाण्यात मध्येच शेपटं दिसायला लागली. कुमुश बोलत असताना तो खोकला असेल, तिथे मी कंसात कंस टाकला होता. यंत्राला एवढं कुठलं कळायला! ते आतल्या कंसापाशीच थांबलं आणि तिचं पुढचं बोलणं उघड्यावर पडलं. शेवटच्या कंसापर्यंत जा म्हणावं, तर मधलं सगळं गाणंच गिळतं. अशी सतरा शेपटं.

"हातानं खोडा," मेदेर म्हणाला. "दहा मिनिटांचं काम."

शनिवारी कुमुश आपा कोचकोर गावाहून आली, फडक्यात तळलेले बोरसोक बांधून. वय चौऱ्याऐंशी. मुखपृष्ठावर नवरा कसा दिसतो ते तिला पाहायचं होतं. वाचता येत नव्हतं.

"शेवटचं गाणं वाच गं पोरी. त्यानंतर अकराव्या दिवशी गेला तो."

वाचता वाचता शेपूट माझ्या तोंडून निघून गेलं: "थांबा म्हणते ना! रक्त पडतंय. रुमाल द्या इकडे."

तिनं माझं मनगट धरलं. "हे कोण बोललं?"

"तुम्हीच, आपा."

"मी? थांबा म्हटलं मी?"

"फितीत होतं."

तिनं मनगट सोडलं. मग म्हणाली, "एसेनगुल, माझा दीर, सदतीस वर्षं म्हणतोय, शहरातल्या लोकांपुढे मिरवायला तू माझ्या भावाला गायला लावून लावून मारलंस. ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं, बसले असेन मी गप्प." आणि हळूच, "याच्या आधी काय म्हटलं होतं गं मी?"

मला आठवेना. मीच टाइप केलेलं, मीच पुसलेलं. मान वर करवेना.

सोळा शेपटं मी खोडली. सतरावं राहू दिलं.

"पान दोनशे बारा!" पुस्तक आल्यावर मेदेर ओरडला. "बंद होणारा कंस आहे, उघडणाऱ्याचा पत्ताच नाही! डोळे आहेत की बटणं, एजे?"

"नजरचुकीनं राहिलं," मी म्हटलं. सव्वीस वर्षांतला पहिला ठपका.

कोचकोरला पुस्तक मीच घेऊन गेले. सगळं गोत जमलं होतं. दारासमोरच्या मानाच्या जागी बसून एसेनगुल चष्मा लावून खणखणीत वाचत होता. दोनशे बाराव्या पानावर "थांबा म्हणते ना" गाण्याच्याच चालीत म्हणून गेला आणि अडखळला. पुढचं त्यानं मनातल्या मनात वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"छापताना चुकलंय हे."

"छापताना चुकलंय, आबा. पण बोलल्या होत्या त्या. मी ऐकलंय."

कुमुश आपानं त्याची चहाची वाटी नेहमीसारखी अर्धीच भरली, मानाच्या माणसाला भरतात तशी, आणि दोन्ही हातांनी पुढे केली. तो पुन्हा त्याच ओळी वाचत राहिला; वाटी तिलाच धरून ठेवावी लागली.