बापाचे डोळे

सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची. हे नाव तिच्या बापानं, सहादूनं, मोठ्या हौसेनं ठेवलं होतं. घरात त्याची लगेच सुला झाली. सुलाच्या डोळ्यांत काही खोट आहे असं एकोणीस वर्षांत कुणाच्या ध्यानीमनी आलं नव्हतं, तिच्याही नाही. टोमॅटो लाल असतो, पान हिरवं असतं, हे तिनं पाढ्यांसारखं पाठ केलं होतं आणि सगळं जग असंच पाठ करतं अशी तिची समजूत होती. दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरून कोण बघून येणार?

ती खोट १९७९च्या श्रावणात उघडी पडली, तीही भर वर्गात. नाशकातल्या कॉलेजात जीवशास्त्राच्या आहेर बाईंनी आनुवंशिकता शिकवायला घेतली होती. त्यांनी रंगीत ठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक वर्गात फिरवलं. ठिपक्यांमध्ये आकडे दडलेले. लाल आणि हिरवा वेगळा कळतो त्यालाच ते दिसतात. पोरं भराभर आकडे सांगत सुटली. सुलाला नुसते ठिपके दिसले. तिनं पुस्तक खिडकीपाशी नेलं, तिरकं धरलं, तरी ठिपकेच. मागच्या बाकावरची पोरं खिदळली.

आहेर बाई हसल्या नाहीत. त्यांना तर घबाड सापडल्यासारखं झालं. "मुलगी! अगं, मुलींत हे फार क्वचित सापडतं," म्हणत त्यांनी सुलाला तिथंच उभं ठेवलं आणि खडू उचलला. बाईंना खडू मिळाला की समोरच्याच्या तोंडाचं पाणी पळालंय हे दिसायचं नाही.

"बाईजवळ एक्स गुणसूत्रं दोन असतात, पुरुषाजवळ एकच," त्या म्हणाल्या. "हा दोष एक्सवरून येतो. मुलीचं एक एक्स बिघडलेलं असलं तरी दुसरं चांगलं असतं, ते सांभाळून घेतं. तिला सगळे रंग दिसतात. मुलीला हा दोष दिसायचा तर दोन्ही एक्स बिघडलेली हवीत. त्यातलं एक येतं बापाकडून. आणि बापाजवळ देण्यासारखं एकच असतं. म्हणजे काय?"

बाईंनी खडू फळ्यावर टेकवला.

"म्हणजे हिच्या वडिलांना लाल-हिरवं कळत नाही. त्यांचं तोंड न बघता सांगते मी. यात अपवाद नाही. आईवडील नात्यातले का गं?"

"दादांनी, म्हणजे वडिलांनी, मामाची मुलगी केलीय," सुला पुटपुटली.

"बघा! एकाच पणजीचा दोष दोन वाटांनी आला." बाईंनी दोन बाण काढले, दोन्ही खालच्या एका भरीव गोलात शिरले. तो गोल म्हणजे सुला. "आणि हिला मुलगा झाला तर त्याला हा दोष येणारच. काय करतात वडील?"

"रेल्वेत आहेत," एवढंच सुला म्हणाली. पुढचं तिनं गिळलं.

सहादू इगतपुरीला पॅसेंजर गाडीचा ड्रायव्हर होता. घाट उतरून कल्याणला जायचं आणि घाट चढून परत यायचं, हा त्याचा धंदा. दर पावसाळ्यात इगतपुरीला असं धुकं उतरतं की अंगणातल्या दोरीवरचे कपडे दिसत नाहीत. त्या धुक्यातून सहादू माणसांनी खच्चून भरलेली गाडी नेतो, याचा सुलाला केवढा तोरा होता.

त्या शनिवारी नाशिकरोडहून गाडीत बसल्यापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा. डोळ्यांच्या तपासणीत दादा दर वेळी पास होतात. म्हणजे एक तर बाईंचा बाण चुकला, नाही तर दादा आपले बाप नव्हेत. आणि लाज वाटण्याजोगी गोष्ट अशी की अस्वली स्टेशनच्या पुढं धुकं लागलं तेव्हा ती मनातल्या मनात हेच मागत होती, की आईनं काही तरी पाप केलेलं असावं. आईचं पाप परवडलं. दादांना खरंच लाल-हिरवं कळत नसलं तर तिच्या पुढ्यात बसून शेंगा खाणाऱ्या या बायकांचं काय?

घरी सहादू दुपारची झोप काढून उठला होता. संध्याकाळी त्याला गाडी न्यायची होती. खिडकीतून धुकं आत आलं होतं, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीची काच ओलावली होती. आई, लताबाई, चुलीशी भाकऱ्या थापत होती. सहादूचा नवा असिस्टंट वाळू काही निरोप घेऊन आला होता, तो दाराशी चहा पीत उभा. चांगला पंचविशीचा बाप्या, पण सहादूसमोर बसायलाही लाजायचा.

"वाळूदादा, सिग्नल आधी कोण ओरडून सांगतं, तुम्ही का दादा?" सुलानं सहज विचारल्यासारखं केलं. इंजिनात ही रीतच असते. असिस्टंटनं दिवा बघून रंग पुकारायचा, ड्रायव्हरनं आपल्या डोळ्यांनी बघून तोच परत पुकारायचा.

वाळूनं जीभ चावली. "त्यांच्याआधी म्या कसं बोलू? येवढ्या वर्षांत एक डाग नाय त्यांच्या नावावर. ते हिरवा म्हनले की म्या बी हिरवा म्हनतो."

"आणि बघता का?"

"ते बघत्यात की!" वाळू हसला, कप खाली ठेवला आणि गेला.

म्हणजे दिवा बघणारे एकटे दादाच. याआधी सहादूचा असिस्टंट होता नाथा, शेजारच्या क्वार्टरमधला नाथाकाका. तो चैत्रात काविळीनं गेला. नाथाकाकाला बढती आली की तो नको म्हणायचा. सगळी कॉलनी त्याला येडा म्हणायची. "सहादूला सोडून कुठं जाऊ?" एवढंच त्याचं उत्तर. ते आता सुलाला वेगळंच ऐकू येऊ लागलं.

तिनं कोपऱ्यातली सहादूची पेटी उघडली. ड्युटीच्या दोन झेंड्या, काठीला गुंडाळलेल्या. एकीच्या काठीला, अंगठा टेकतो तिथं, दोऱ्याची गाठ मारलेली होती. दोन्ही झेंड्या तिला सारख्याच मातकट दिसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिला ते खटकलं.

"आई, ही कोणती गं?"

"लाल. आसं काय इचारती?" लताबाईनं मान वर करून पाहिलं आणि परत भाकरीला लागली.

गाठ लाल झेंडीला होती. सुलानं ती सोडवली आणि दुसऱ्या काठीला, तिथंच, तशीच मारली. बापाला असं पकडणं बरं नव्हे हे तिला कळत होतं, पण हात थांबले नाहीत. पेटी बंद करून ती म्हणाली, "दादा, लाल झेंडी द्या ना. उसवलीय, टाका घालते."

सहादूनं पेटीत हात घातला. त्याचं लक्ष खिडकीकडं होतं. अंगठा एका काठीवरून फिरला, दुसरीवरून फिरला, गाठीवर थांबला. त्यानं ती झेंडी काढून लेकीपुढं धरली.

चुलीवरची भाकरी करपायला लागली. लताबाई तव्याकडं बघतच नव्हती.

"आवो," ती म्हणाली, "ती हिरवी हाय."

सहादूनं झेंडी उलगडून पाहिली, उजेडाकडं धरून पाहिली, अगदी सुलानं वर्गात पुस्तक धरलं होतं तशी. मग तो खाटेवर बसला.

"लगनात तुमी लाल लुगडं म्हनून हिरवं आनलं व्हतं," लताबाई म्हणाली. "मला वाटलं, बाप्या मानसाला काय कळतंय." तिला रडू फुटलं.

सहादूनं मग सगळं सांगितलं. लपवून दमलाच असेल. चांगल्या उजेडात अडचण नव्हती. खांबावर खालचा दिवा लाल, वरचा हिरवा, जागेवरून कळतं. तपासणीतलं पुस्तक दर वेळी तेच, पानांचा क्रमही तोच. नाथाची पाळी आधी असायची, त्यानं सगळे आकडे सहादूकडून घोकून घेतले होते. राहता राहिलं धुकं. धुक्यात खांब दिसत नाही, नुसता दिव्याचा डाग दिसतो. तिथं नाथा होता.

"पण नाथाकाका गेले, दादा. चैत्रात गेले. हा सगळा पावसाळा तुम्ही गाडी कशी नेली?"

सहादूनं तिच्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, हेच भयंकर होतं.

"नाथा सांगतो ना," तो म्हणाला.

सुला एक पाऊल मागं सरली.

"भूतबित म्या मानत नाय, तुला ठावं हाय. तो गेल्यावर त्याचं पुण्यानुमोदन म्याच केलं. पन धुक्यात सिग्नल आला की ह्या डाव्या कानाशी खाकरतो. आधी खाकरतो, मंग सांगतो. जित्तेपनी सांगायचा तसाच. आजपावतर चुकला नाय."

"चुकला नाही हे कशावरून?"

"गाडी आली ना परत," सहादू म्हणाला. जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

सुला उठली. बापाचा हात धरला, आईचा धरला. "चला. यार्डाच्या पुलावर चला. आत्ता."

पुलावर माणूस नव्हतं. दिवसाढवळ्या दहा पावलांवरचं काही दिसत नव्हतं. रूळ खाली कुठं तरी होते. समोर, नेमकं किती लांब ते कळू नये असा, एक दिवा लागला होता. सुलाला तो मातकट पिवळट डाग दिसला. कॉलेजातले ठिपके तसे.

"तुला काय दिसतं?" सहादूनं हळूच विचारलं.

"तुम्हाला दिसतं तेच."

"मंग गप ऱ्हा. आईक."

तिघं उभी राहिली. पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. आणि सुलाच्या डाव्या कानामागं, अगदी जवळ, कुणी तरी खाकरलं. तंबाखूनं बसलेला घसा मोकळा करावा तसं. लहानपणी पडवीत हे खाकरणं ऐकलं की ती गोळ्यांसाठी धावत सुटायची. मग तो नाकातला, ओढून बोलायचा आवाज आला: "हिरवाऽ."

"हिरवा!" सहादू सवयीनं पुकारला.

सुलानं आईकडं पाहिलं. लताबाईनं काही ऐकल्याचं दिसत नव्हतं. ती नुसती पुढं वाकून बघत होती, डोळे पुसून पुन्हा बघत होती.

"लाल हाय," ती म्हणाली.

"नीट बघ."

"लाल हाय वो. रगतावानी लाल हाय."

धुक्यात खाली कुठं तरी इंजिनाची शिटी झाली. दिव्याच्या अलीकडं एक मालगाडी थांबून राहिली होती, तिचा ड्रायव्हर वाट सोडा म्हणून शिटी मारत होता. सहादूनं ती शिटी ऐकली. पुलाचा कठडा धरून तो हळूहळू खाली बसला. किती वेळा, किती धुक्यांत, किती माणसं पाठीशी घेऊन, हे तो मोजत असेल. मोजणार तरी कसं?

संध्याकाळची गाडी त्यानं नेली नाही. दोघींना घरी धाडून तो रेल्वेच्या डॉक्टरांकडं गेला आणि म्हणाला, "सायेब, माझे डोळे तपासा. पन पुस्तक मागल्या पानापासून उघडा." त्याला इंजिनावरून काढलं, शेडमध्ये हलकं काम दिलं. कॉलनीत बरेच दिवस कुजबुज झाली. सहादूनं खाली घातलेली मान पुढं कधी पुरती वर केली नाही, पण रात्री त्याला झोप लागायला लागली. नाथाचा आवाज आला का, हे सुलानं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. आपणही पुलावर ऐकलं होतं, हे मात्र तिनं कुणालाच कळू दिलं नाही.

चार पावसाळ्यांनी सहादू गेला. सुला पंचवटीतल्या एका शाळेत बाई झाली, लग्न झालं. नात्यातलं स्थळ तिनं हट्टानं मोडलं होतं. पण मुलगा झाला, आणि फळ्यावरचा बाण मुलाच्या बाबतीत नवरा कुठला हे विचारत नाही. बुधा तीन वर्षांचा झाला तरी लाल चेंडू गवतात शोधत बसायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या थंडीतली सकाळ. गोदेवरून धुकं वर आलेलं, चौकात सिग्नलचा डाग लागलेला. अशा वेळी सुला रस्ता ओलांडायची घाई करत नसे. कुणी डोळस माणूस निघाला की त्याच्या मागून जायची. ती बुधाचं मनगट धरून थांबली होती. डाव्या कानामागं खाकरणं झालं. तिनं दात आवळले. "हिरवाऽ," नाथाकाका म्हणाले. आणि त्यावर, लगेच, रीतसर, दुसरा आवाज: "हिरवा!" तो दादांचा होता.

सुला जागची हलली नाही. हे आपल्या डोक्यातलं आहे, आपल्यापाशीच संपेल, असं ती स्वतःला बजावत होती.

बुधानं मान वळवून डावीकडं, मागं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. तो हसला, जसं ओळखीच्या माणसाकडं बघून हसतात, आणि तिचा हात पुढं ओढायला लागला.

"आई, चल ना. आजोबा हिरवा म्हणतायत."

तिनं त्याला दोन्ही हातांनी कवटाळून मागं ओढलं, तेवढ्यात धुक्यातून एक ट्रक त्यांच्या पुढ्यातून धडधडत गेला.