उजवी पाकळी

भिकाजी म्हणजे देवाला विचारल्याशिवाय शिंकणारसुद्धा नाही. दिंडोशीच्या डोंगरावर आमची घरं शेजारीशेजारी, तीस वर्षं बघतेय ना मी. गिरणी सुटली तेव्हा कौल, बायकोने, सखुबाईने, मागच्या उतारावर माठ-मुळ्याचा वाफा धरला तेव्हाही कौल. कुडाळकडच्या गावी गुरवाला फोन करायचा, त्याने देवाच्या अंगावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही.

त्याच वाफ्यात सखुबाईच्या पायाला खुरपं लागलं. आधीच साखरेचं दुखणं, वर शेणखताची माती. बाईने हळद दाबली आणि परत भाजीत बसली. आठ दिवसांत पाय काळा पडला. आता ती इस्पितळात तापात बरळतेय आणि डॉक्टरीणबाई म्हणते, "बारापर्यंत पाय काढायला सही द्या. नाहीतर बाई हातची जाईल."

भिकाजीने गुरवाला फोन लावला. इथेच घोडं पेंड खायला लागलं.

"सुतक पडला हा रे. बारा दिवस कौल लावूक मेळाचो नाय," गुरव म्हणाला.

भिकाजीने फोन खाली ठेवला. "नलिने, मिया आजपर्यंत कायेक ठरवूक नाय गो. माका जमाचा नाय."

"अहो भाऊ, पावणेबारा झाले. करा सही."

"आणि तिना उठान इचारल्यान, माझो पाय खंय, तर?"

इस्पितळाच्या फाटकाशी गणपतीची देवळी होती. तिथल्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या त्याने स्वतःच भिजवून लावल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्या दमट हवेत काय पडतायत, कपाळ. भिकाजीने डोळे मिटून हात जोडले, खांदे गदगदायला लागले.

मी फुंकर मारली. उजवीवर.

त्याला भित्रा म्हणणारी मी, पण पुढे होऊन 'कापा' म्हणायची माझीही छाती झाली नाही. देवाच्या नावावर ढकललं. त्याने सही केली.

तिसऱ्या दिवशी सखुबाई शुद्धीवर आली.

"देवान उजवो कौल दिल्यान गे," भिकाजी तिला म्हणाला. त्याचा चेहरा इतका शांत मी कधी बघितला नव्हता.

सखुबाई चादर चाचपत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"नलिने, देवाक माझो पाय कित्याक व्हयो होतो गो?"

मी पाण्याची बाटली उचलली आणि नळाकडे गेले. ती भरलेलीच होती.